पायाळू सिस्टर

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी माझे पाय बाहेर आले आणि मग बाकीची मी. गोवा मुक्त होऊन दोनेक वर्षं झाली होती. केरीला तेव्हा दवाखाना नव्हता, त्यामुळे आईची सुटका वयजिणीने, म्हणजे आमच्याकडच्या सुइणीने केली. आधी पाय दिसले तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं म्हणतात. पण मी रडले तशी ती पडवीत आली आणि वडिलांना म्हणाली, "चेडू झाला, आणि पायाळू झाला. आता वाड्यावर कोणाची उसण ऱ्हवाची नाय."

बाहेरच्यांसाठी सांगते. कळशी उचलताना, भाताचं पोतं सरकवताना, कधी कधी तर नुसतं शिंकताना पाठीत एकदम चमक निघते आणि माणूस आहे तिथेच अडकतो. त्याला आम्ही उसण भरली म्हणतो. अशा पाठीला पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, असा समज आमच्या पेडण्यात, डिचोलीत आणि पलीकडे सावंतवाडीच्या बाजूलाही आहे. पाय लावायचे नियम मला आजीने शिकवले. माणसाला उंबऱ्याशी पालथं झोपवायचं. डाव्या पायाचा अंगठा दुखऱ्या जागी तीनदा टेकवायचा. त्या वेळी दोघांपैकी कोणी बोलायचं नाही. आणि पाय लावून झाला की पायाळूने सरळ चालू लागायचं, मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर उसण परत भरते.

शाळेत जायच्या आधीपासून मी हे करत होते. शेजारच्या बायका मला कडेवर घेऊन जायच्या, पाय लावून झाला की हातावर खाजं, म्हणजे गुळाचा खाऊ, ठेवायच्या. मोठ्या माणसाला पाय लावणं हे पाप, म्हणून त्यांना आधी वाकून नमस्कार करायचा आणि मग पाय लावायचा. गुन्ह्याची माफी आगाऊ मागून घ्यायची, असा तो प्रकार होता.

पुढे मी नर्स झाले. खरं म्हणजे माझ्या पायाळूपणाची गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

माझी नोकरी बहुतेक सगळी डिचोली तालुक्यात, मुळगावच्या आसपासच्या उपकेंद्रांवर झाली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक बाक, लसींचा डबा आणि मी. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाकीचे दिवस गरोदर बायका, बाळांचे डोस, ताप, खरूज, खाणीवरच्या माणसांची ठेचलेली बोटं. आणि पाठी. पाठींना तर तोटाच नव्हता. त्या वर्षांत खाणी जोरात चालल्या होत्या. खनिजाचे ट्रक जेटीपर्यंत दिवसभर फेऱ्या मारायचे, तिथून बार्ज मुरगाव बंदराला जायच्या. रस्त्यावर रस्ता कमी आणि खड्डे जास्त. ड्रायव्हरच्या सीटवर बसून दिवसाला कितीतरी फेऱ्या मारणाऱ्या माणसाची पाठ दुखली नाही तरच नवल.

उसणीचं खरं औषध फार साधं आहे, इतकं साधं की कोणाला ते औषध वाटतच नाही. कुशीवर झोपायचं, गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. गरम पाण्याची पिशवी नाहीतर तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी घेऊन शेकायचं, कातडी भाजणार नाही इतपतच. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यायची. आणि दुखणं थोडं सोसवायला लागलं की हळूहळू घरातल्या घरात चालायला लागायचं. चोळायला कोणाला बसवायचं नाही, ओढाताण करायची नाही. बहुतेक उसणी थोड्या दिवसांत आपल्या आपण उतरतात. नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला शिकवलं होतं, की रुग्णाला फळीवर झोपवा आणि उठू देऊ नका. मी कितीतरी लोकांना पंधरा पंधरा दिवस फळीवर पाडून ठेवलं. नंतर कळलं की त्याने पाठ आणखी आखडते. मग त्याच लोकांना मी चाला म्हणून सांगत फिरले. एक म्हातारा मला म्हणाला, "सिस्टर, तुमचा काय ता एकदाचा ठरवा."

पण शेकायला सांगायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे असतात, आणि ते मला झोपेतून उठवलं तरी पाठ होते. पायात जोर कमी वाटतो का? लघवी नेहमीसारखी होते का? बसायच्या जागी, मांड्यांच्या आत, बधिर वाटतं का? यातल्या एकाचंही उत्तर वाकडं आलं तर ती साधी उसण नाही. मणक्यातली गादी सरकून शिरा दाबल्या गेलेल्या असू शकतात. मग शेक नाही, गोळी नाही, मिळेल त्या गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलात पोचवायचं. तिथे दिवसांवर नाही, तासांवर हिशेब असतो.

हे सगळं मला येत होतं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी बाजू घेणार नाही.

मी पायाळू आहे हे मुळगावात मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण केरीची एक मुलगी तिथे सून म्हणून आली आणि तिने विहिरीवर सांगितलं. आठवड्याच्या आत गावातल्या एका भाटकाराचं बोलावणं आलं. भाटकार म्हणजे जमीनदार, आणि आम्ही केरीला पिढ्यान् पिढ्या अशाच एका भाटकाराच्या जमिनीत राहिलेली मुंडकार माणसं. माझे वडील भाटकारासमोर कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसत नसत. आणि इथे एक भाटकार सोप्यात पालथे पडून मला सांगत होते, "लाव गो बाय पाय, लजू नको."

मी नमस्कार केला, पाय लावला आणि वळून न बघता घरी आले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः चालत उपकेंद्रावर आले, हातात शहाळी. त्यांची उसण तिसऱ्या दिवसाची होती, उतरायलाच आली होती, हे मला चांगलं माहीत होतं. पण मी ते सांगितलं नाही. मला फार बरं वाटलं. माझा पाय भाटकाराच्या पाठीवर पडला होता आणि त्यांनी वर आभार मानले होते. नर्स म्हणून दहा वर्षं राबून जो मान मिळाला नव्हता तो एका अंगठ्याने मिळवून दिला.

मग रीघ लागली. गोष्ट डॉक्टरांच्या कानावर गेली. ते मालवणकडचे, जिभेला धार. बाकावरच्या सगळ्या पेशंटांसमोर त्यांनी विचारलं, "सिस्टर, आपण इथे गोळी देतो की लाथ?" मी तेव्हाच शब्द दिला, उपकेंद्रावर हे पुन्हा होणार नाही. आणि शब्द पाळला, अगदी अक्षराला धरून. उपकेंद्रावर, युनिफॉर्म अंगावर असताना मी कोणाला पाय लावला नाही. रविवारी, साडी नेसून, लोकांच्या घरी जाऊन लावत राहिले. मनाची समजूत घातली, की यात कोणाचं काय बिघडतं? माणसाला धीर येतो, धीराने दुखणं निम्मं होतं. ते काही अगदी खोटं नव्हतं, म्हणून तर इतकी वर्षं चाललं.

वासू सावंतवाडीकडचा. खाणीवर ट्रक चालवायचा. बायको रेखा आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन गावाच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहायचा. ही नावं बदललेली आहेत. मुलीचे सगळे डोस मीच दिलेले, त्यामुळे रेखा मला ओळखत होती. अबोल होती. पाच प्रश्न विचारले की एक उत्तर द्यायची, तेही जमिनीकडे बघून.

त्या रविवारी दुपारी तीन ड्रायव्हर माझ्या दारात आले. वासूने शनिवारी संध्याकाळी ट्रकचं चाक बदलताना टायर उचलला आणि पाठीत चमक निघाली. रात्रभर तळमळला. "सिस्टर, पाय लावूक येवा. तो हलाक नाय सकाळधरून."

मी तपासायची पिशवी घेतली नाही. पाय लावायला जाताना पिशवी कशाला?

खोलीसमोर दहा-बारा माणसं जमली होती. वासू उंबऱ्याशी चटईवर पालथा. मी आले तशी त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. बोलायचं नाही, असा नियम. तो गप्प झाला. मी तीनदा अंगठा टेकवला. त्याची पाठ लाकडासारखी ताठ झाली होती. माझ्या हातांना, म्हणजे नर्सच्या हातांना, तेव्हा त्याचे पाय तपासायचं सुचायला हवं होतं. मी पाय उचलला आणि चालू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "लागलो पाय! आता उठतलो फाल्यां सकाळी."

वाटेवरच्या नळापाशी पोचले असेन तोवर मागून आवाज आला. रेखाचा. "सिस्टर... ओ सिस्टर, एक सांगूचा होता."

मला ते स्पष्ट ऐकू आलं. शब्दन् शब्द. आजही येतो.

मी थांबले नाही. वळले नाही.

आता यावर काय लिहू? माझा त्या नियमावर विश्वास असता, तर निदान भाबडेपणाची चूक म्हणता आली असती. मला पक्कं ठाऊक होतं की वळून बघितल्याने कोणाची उसण परत येत नाही. पण दहा-बारा माणसं माझ्या पाठीकडे बघत होती, आणि मी वळले असते तर पायाळू म्हणून माझी पत गेली असती. तेवढंच कारण. मी मनात म्हटलं, काय असेल ते, महत्त्वाचं असेल तर ती घरी येईल. घरी जाऊन मी भात शिजत ठेवला.

सोमवारी सकाळी उपकेंद्र उघडायला गेले तर रेखा पायरीवर बसली होती, मुलीला मांडीवर घेऊन. मला बघून उठली.

"सिस्टर, तेंका काल सकाळपासून लघवीक होऊक नाय. खालसून सगळा बधिर झाला हा म्हणतत. आनी आता डावो पाय उचलाक जमणा नाय."

मी न विचारताच तिने तिन्ही उत्तरं दिली.

मी धावत खाणीच्या ऑफिसात गेले, जीप मागितली, वासूला पाठीमागे आडवं घातलं आणि सोबत गेले. हॉस्पिटलात त्याला लघवीची नळी घातली तेव्हा पिशवी भरतच गेली, भरतच गेली. तरुण डॉक्टर होता. त्याने रेखाला विचारलं, "लघवी कधीपासून बंद?"

"काल सकाळपासून."

"मग काल का नाही आणलं?"

रेखाने मान खाली घातली. "आमका कळाक नाय."

मी तिच्या बाजूला उभी होते. युनिफॉर्ममध्ये, बिल्ला लावून. एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. डॉक्टर माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "सिस्टर, तुम्ही आज तरी ओळखलंत म्हणून बरं. अजून एक दिवस गेला असता तर काही हातात राहिलं नसतं." मी मान हलवली. कौतुक घेतलं.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. उजवा पाय ठीक राहिला. डाव्या पायात घोट्याखाली जोर आला नाही तो नाहीच, चालताना पाऊल घासतं. आणि लघवीला त्याला कायम नळी लागते, दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच घालावी लागते. तिसाव्या वर्षी. रविवारी दुपारी आणला असता तर पूर्ण बरा झाला असता का, हे मी नंतर त्या डॉक्टरला आडून विचारलं. तो म्हणाला, खात्रीने कोणी सांगू शकत नाही, पण शक्यता बरीच जास्त होती.

ट्रक चालवणं संपलं. दोन महिन्यांनी ते कुटुंब खोली रिकामी करून सातार्ड्याच्या पलीकडे आपल्या गावी गेलं. जाताना रेखा मुलीला घेऊन माझ्या पाया पडायला आली. मी तिला पडू दिलं.

गावात काय बोललं गेलं ते ऐका. पायाळूचा पाय लागला होता म्हणून वासू जिवंत राहिला, नाहीतर मेलाच असता. माझ्याकडे माणसं आणखी यायला लागली. मी पाय लावणं सोडलं खरं, पण तेही सरळपणे नाही. लोकांना सांगितलं, आता माझ्या पायाचा गुण गेला. लोकांनी मान डोलावली, असं होतं म्हणाले. तिथे खरं सांगितलं असतं, की उसणीला पायाळूकडे नेऊ नका, आधी तीन प्रश्न विचारा, तर कदाचित एखाद्या दुसऱ्या वासूचा पाय वाचला असता. पण खरं सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतर उपकेंद्रात येणाऱ्या प्रत्येक पाठीला मी ते तीन प्रश्न विचारले. लाजणाऱ्याला दोनदा विचारले. निरोप समारंभात कोणीतरी त्याचंही कौतुक केलं, सिस्टर फार बारकाईने चौकशी करतात म्हणून. तेही मी घेतलं.

निवृत्त होऊन मी केरीला परत आले. तेरेखोलच्या बाजूने पलीकडे जाणाऱ्या बसगाड्या रोज दारावरून जातात. रेखाचं गाव दीड तासाच्या वाटेवर. तिकडे जायला मला दोन वर्षं लागली. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी गेले.

घर शोधायला त्रास पडला नाही. दारात पाटी होती, पाण्याच्या मोटारी भरून मिळतील. वासू घरी बसून बिघडलेल्या पंपांच्या मोटारींना तारा भरतो, त्यावर घर चालतं. मुलीचं लग्न झालं आहे. रेखा पडवीत आमसुलं उलटत होती. केस पांढरे झालेत. तिने मला लगेच ओळखलं, हात पुसले, तांब्या-भांडं आणून पुढे ठेवलं. "सिस्टर! बसा, बसा. हे आत निजलेत जरा. उठवू काय?"

मी नको म्हटलं. तिने इकडची तिकडची विचारपूस केली. आता ती बऱ्यापैकी बोलत होती. मग आपणहूनच म्हणाली, "सासू दोन वर्षां झाली गेली. मरेसर माका एकच ऐकवी. तुझी जीभ झडलेली काय गे त्या दिवशी? सिस्टर दारात इलेली, तिका सांगूक तुका तोंड नाय होता? तिचा खरा होता. धा-बारा दादले माणूस भोवती, मी लजलंय. सिस्टर गेल्यार पाठसून हाक मारलंय ती पण इतकी हळू. तुमका ऐकाक येवंक नाय. जोरान वरडाक व्हया होता मी."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत मी बोलायची वाक्यं किती वेळा जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"रेखा," मी म्हटलं, "तुझी हाक माका ऐकाक इल्ली."

तिला आधी समजलंच नाही. ती तशीच हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा हात आमसुलांवर थांबला.

"ऐकलात?"

"ऐकलं."

"आनी वळाक नाय?"

मी मान हलवली. का वळले नाही ते सांगितलं. लोक बघत होते, म्हणून. याच्या पलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. ती रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि असं वाटल्याची पुन्हा लाज वाटली. तिने पुढचं आमसूल उलटलं, मग त्याच्या पुढचं.

आतून खाट करकरली. वासूचा आवाज आला, "कोण इला गे?"

रेखाने माझ्यासमोरचं भांडं उचललं, उरलेलं पाणी अंगणात ओतलं आणि आत बघून म्हणाली, "कोण नाय."

मी चपला घातल्या आणि बसच्या रस्त्याला लागले.